एन-गेज: चुकीच्या काउंटरवर मांडलेला फोन

७ ऑक्टोबर २००३ रोजी नोकियाने एन-गेज हा गेम खेळायचा फोन अमेरिका, युरोप आणि आशियातल्या अनेक बाजारांत एकाच वेळी उतरवला. किंमत २९९ डॉलर. तीन आठवडेही उलटले नव्हते, तोवर अमेरिकेतल्या गेमस्टॉप आणि इलेक्ट्रॉनिक्स बुटिक या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी त्यावर १०० डॉलरची सूट द्यायला सुरुवात केली. नाताळची खरेदी अजून सुरूही झाली नव्हती आणि नव्याकोऱ्या वस्तूचा भाव तृतीयांशाने उतरला होता.

एन-गेजचा विषय निघाला की बहुतेक जण फोन कडेवर उभा धरून कानाला लावायच्या त्या अवघड पद्धतीवर येतात आणि तिथेच थांबतात. त्या पद्धतीची खूप थट्टा झाली, आणि थट्टेच्या आवाजात मूळ प्रश्न ऐकूच आला नाही. माझ्या मते हे प्रकरण आधी दुकानदारीचं आहे आणि मग डिझाइनचं. एकच वस्तू, एकच किंमत. पण ती एका काउंटरवर स्वस्त दिसली असती आणि दुसऱ्यावर महाग दिसत होती. कंपनीने दुसरा काउंटर निवडला. हा निर्णय कसा घडला असावा, त्याचे परिणाम कसे उलगडले आणि कुठे वेगळी वाट घेता आली असती, हे पाहण्यासाठी हा प्रकरण अभ्यास. कंपनी आणि उत्पादन यांची नावं जगजाहीर असल्यामुळे दिली आहेत; माणसं फक्त त्यांच्या भूमिकेपुरती येतात.

पार्श्वभूमी

त्या काळी जगात विकल्या जाणाऱ्या दर तीन मोबाइलमागे एकाहून जास्त नोकियाचा असे. १९९७च्या अखेरीस आलेल्या ६११० या फोनवर कंपनीने स्नेक हा छोटा गेम दिला होता आणि लोक तो बसची वाट पाहताना तासन्‌तास खेळत. फोनवर गेम खेळायला माणसं तयार आहेत, याचा याहून मोठा पुरावा कुठल्याच कंपनीकडे नव्हता. नोव्हेंबर २००२ मध्ये एन-गेजची घोषणा झाली तेव्हा कल्पना मुळीच वेडगळ नव्हती: खिशात फोन आहेच, गेमचं यंत्र वेगळं कशाला बाळगायचं?

समोर निन्टेन्डो होती. हातात धरून खेळायच्या यंत्रांच्या बाजारावर तिची पकड होती. २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला आणि २००३च्या सुरुवातीला त्याची सुधारित आवृत्ती, घडी होणारा एसपी. पडद्याला उजेड, आत चार्ज होणारी बॅटरी, जुन्या गेम बॉयची कार्ट्रिजही (गेम असलेल्या, काढता-घालता येणाऱ्या डब्या) चालणार, आणि किंमत ९९.९९ डॉलर.

एन-गेजमध्ये काय होतं हे नीट पाहायला हवं, कारण त्याला सरसकट टाकाऊ म्हणणं अन्याय आहे. आत सिम्बियन या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी सीरीज ६० प्रणाली होती, १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ब्लूटूथ, ई-मेल, ब्राउझर, एफएम रेडिओ, एमपी३ गाणी. गेम बॉयवर दोघांना खेळायचं तर मधे वायर जोडावी लागे. इथे ब्लूटूथवरून विनावायर खेळता येत होतं. इंटरनेटवरून गुणसंख्या टाकायची, इतर खेळाडूंशी स्पर्धा करायची सोयही ‘एन-गेज अरेना’ या नावाने दिली होती. २००३ साली एवढं सगळं एका यंत्रात देणारे फारच थोडे होते.

म्हणजे फोन म्हणून पाहिलं तर ही चांगली भरभक्कम वस्तू होती. त्याच घराण्यातल्या नोकिया ३६५० या स्मार्टफोनचा प्रोसेसर आणि पडदा जवळजवळ हाच होता. आणि गेमचं यंत्र म्हणून जे दोष निघाले, त्यांतले बरेचसे नेमके या घराण्यातूनच आले होते.

फोनच्या सवयी, गेमच्या यंत्रात

पडद्याचंच घ्या. सीरीज ६० प्रणाली १७६ बाय २०८ बिंदूंच्या उभ्या पडद्यासाठी बांधलेली होती. फोनवर यादी, संदेश, नंबर वाचायचे असतात, तिथे उभा पडदाच सोयीचा. पण हातातले बरेचसे गेम डावीकडून उजवीकडे पळणारे. त्यांना पुढचं दिसायला रुंदी लागते. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०, म्हणजे आडवा. आडव्या पडद्यासाठी बनलेला गेम उभ्यात बसवायचा तर एक तर चित्र लहान करावं लागतं, नाही तर कडेचा भाग कापावा लागतो.

दुसरी सवय अधिक महागात पडली. त्या काळच्या अनेक फोनांत मेमरी कार्डाची खाच बॅटरीखाली असे. त्यात गैर काही नव्हतं, कारण फोनचं कार्ड माणूस वर्षातून एखाद्या वेळी काढतो. एन-गेजचे गेम अशाच मल्टिमीडिया कार्डांवर विकले जाणार होते आणि खाच मात्र तिथेच राहिली, बॅटरीच्या खाली.

त्यामुळे एक गेम संपवून दुसरा लावायचा म्हणजे काय करावं लागे, ते एकदा पायरीपायरीने पाहा. फोन बंद करायचा. मागचं झाकण सरकवून काढायचं. नखाने उचकून बॅटरी बाहेर काढायची (तीच बीएल-५सी, जी पुढे नोकियाच्या असंख्य फोनांत दिसली). खाचेतून टपाल तिकिटाएवढं कार्ड ओढायचं, दुसरं सरकवायचं, ते नीट बसलं का पाहायचं. बॅटरी परत, झाकण परत, फोन चालू. प्रणाली उठेपर्यंत थांबायचं, सिमला पिन असेल तर तो टाकायचा, नेटवर्क सापडेपर्यंत थांबायचं, मग मेनूतून नवा गेम शोधून उघडायचा. एवढा वेळ फोन बंद. त्या दरम्यान कोणी फोन केला तर तो लागणार नाही. गेम बॉयवर हेच काम म्हणजे यंत्र बंद, एक कार्ट्रिज ओढलं, दुसरं खोचलं, यंत्र चालू.

आता हीच कृती दुकानातल्या विक्रेत्याने गिऱ्हाइकासमोर करून दाखवायची आहे, अशी कल्पना करा. मागे रांग आहे, दाखवायला दोन-तीन गेम आहेत, आणि हातात झाकण, बॅटरी आणि कार्ड असे तीन सुटे तुकडे. डिझाइनचा दोष घरी गेल्यावर कळला असता तर तो वापरणाऱ्याचा त्रास ठरला असता. इथे तो काउंटरवरच उघडा पडत होता, पैसे द्यायच्या आधी. ‘जरा दुसरा गेम दाखवा ना’ एवढंच गिऱ्हाइकाने म्हणायचा अवकाश.

तिसरी गोष्ट ती प्रसिद्ध कडेवरची. ऐकायचा आणि बोलायचा भाग वरच्या अरुंद कडेवर होता, त्यामुळे बोलताना फोनची सपाट बाजू गालाला न लावता कड लावावी लागे. लोकांनी त्याला टॅको (मेक्सिकोतला घडी घातलेल्या पोळीचा पदार्थ) म्हटलं, इंटरनेटवर चित्रविचित्र वस्तू कानाला लावलेले फोटो टाकले. हा दोष खरा होता, पण विक्रीच्या दृष्टीने मी त्याला बॅटरीच्या खालोखालचं स्थान देईन. फोन वाईट धरावा लागतो म्हणून न घेणारा माणूस निदान तो हातात घेऊन तरी बघत होता.

अडचण: कोणाला विकायचं?

२९९ डॉलर ही किंमत नीट समजून घ्यायला अमेरिकेतल्या दोन प्रकारच्या दुकानांची रीत माहीत हवी.

मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक फोनची खरी किंमत क्वचितच पाहत असे. एक-दोन वर्षांचा करार केला की ऑपरेटर फोनचा बराचसा भार उचलत असे आणि तो दरमहाच्या बिलातून वसूल करत असे. दुकानदाराला नवं कनेक्शन जोडल्याबद्दल कमिशन मिळे. तिथल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात स्मार्टफोन म्हणजे महागडी वस्तू हे पक्कं होतं. त्या काउंटरवर कराराविना २९९ डॉलरला सिम्बियनचा फोन म्हणजे भाव चांगलाच होता, आणि करार जोडला असता तर तो आणखी बराच खाली आला असता.

गेमच्या दुकानाचं गणित वेगळं. तिथे यंत्रावर नफा किरकोळ. दुकानदार कमावतो ते नंतर विकल्या जाणाऱ्या गेमवर, चार्जर-पिशव्यांवर, आणि लोकांनी परत आणून दिलेल्या जुन्या गेमच्या फेरविक्रीवर. म्हणून त्याला असं यंत्र हवं असतं, ज्याच्यामागे गेमची लांबलचक रांग आहे आणि ज्याचा मालक दर महिन्याला पुन्हा दुकानात येईल. तिथल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात हातातल्या यंत्राची किंमत पक्की होती: शंभर डॉलर. शेजारच्याच फळीवर एसपी ठेवलेला. त्या फळीवर २९९ म्हणजे एका यंत्राच्या पैशांत तीन.

शिवाय गेमच्या दुकानातल्या मुलाला सिम, बँड (फोन पकडतो त्या लहरींचे पट्टे), करार, ऑपरेटर यांतलं काही ठाऊक नसे. गिऱ्हाइकाने विचारलं, ‘माझ्या कनेक्शनवर हा चालेल का?’ तर अमेरिकेत हा प्रश्न सोपा नव्हता. एन-गेज जीएसएम या तंत्राच्या जाळ्यावर चालणारा फोन होता, आणि देशातल्या दोन मोठ्या ऑपरेटरांची, व्हेरायझन आणि स्प्रिंटची, जाळी सीडीएमए या वेगळ्या, त्याच्याशी न जुळणाऱ्या तंत्रावर होती. त्यांच्या ग्राहकांसाठी एन-गेजमधला फोन कुचकामी, आणि फोन वगळला तर उरतं ते तिप्पट किमतीचं गेमचं यंत्र. उलट मोबाइलच्या दुकानातल्या विक्रेत्याला कोणता गेम कशासाठी चांगला हे सांगता येत नव्हतं. वस्तूचा एक अर्धा भाग या दुकानात कळत होता, दुसरा त्या दुकानात. पूर्ण वस्तू समजावून सांगू शकेल असा माणूस कुठल्याच काउंटरमागे उभा नव्हता.

समोर असलेले पर्याय

कंपनीच्या बैठकांत काय बोललं गेलं याचा दावा मी करत नाही. बाहेरून पाहता, घोषणा ते विक्री या अकरा महिन्यांत चार वाटा खुल्या होत्या असं दिसतं.

पहिली वाट: ‘गेम उत्तम चालणारा स्मार्टफोन’ म्हणून ऑपरेटरमार्फत विकायचा. नोकियाला हे रस्ते पाठ होते. पण यातही खोट होती, ती लपवायला नको. एन-गेजला कॅमेरा नव्हता, आणि २००३ मध्ये फोनच्या काउंटरवर गिऱ्हाईक सगळ्यात आधी कॅमेराच विचारू लागलं होतं. त्याच कंपनीच्या ३६५० मध्ये तो होता. दुसरं म्हणजे, ऑपरेटरांना गेम आपल्या नेटवर्कवरून डाउनलोड व्हायला हवे होते, म्हणजे त्यात त्यांचा वाटा. कार्डावर दुकानात विकला जाणारा गेम त्यांच्या हातात काहीच ठेवत नव्हता. फोनवर सवलत त्यांनी द्यायची आणि गेमचा पैसा भलतीकडे जायचा, याला ते आनंदाने तयार झाले नसते.

दुसरी वाट: गेमच्या दुकानांत, गेमचं यंत्र म्हणून. फायदा असा की गेम खेळणारा पक्का वर्ग तिथेच येतो, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांनाही दिसतं की नोकिया हौसेखातर उतरलेली नाही. तोटा वर सांगितलाच, शेजारची शंभर डॉलरची फळी.

तिसरी वाट: दोन्हीकडे, पण वेगवेगळ्या रूपात. गेमच्या दुकानात दोन-तीन गेमसह बांधलेला संच, मोबाइलच्या दुकानात करारासह फोन, आणि दोन्ही ठिकाणी वेगळं प्रशिक्षण. खर्चिक आणि किचकट.

चौथी वाट: थांबायचं. खाच बाहेर काढायची, बोलायचा भाग समोर आणायचा, आणि एका वर्षाने यायचं. पण मे २००३ मध्ये सोनीने पीएसपी हे हातात धरून खेळायचं यंत्र येणार असल्याचं जाहीर केलं होतं. थांबलं तर दोन बलाढ्य स्पर्धकांच्या मधे उतरावं लागणार, ही भीती रास्त होती.

प्रत्यक्ष काय केलं

कंपनीने दुसऱ्या वाटेवर भर दिला. मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात, म्हणजे गेमवाल्यांच्याच अंगणात, २९९ डॉलर ही किंमत जाहीर केली. माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक क्षण. तिथून पुढे प्रत्येक बातमीत, प्रत्येक परीक्षणात एन-गेजची तुलना गेम बॉयशीच होणार हे ठरून गेलं. मोबाइलच्या मेळाव्यात हीच किंमत सांगितली असती तर तुलना कॅमेऱ्याच्या फोनांशी झाली असती. तीही अवघडच गेली असती, पण निदान आकडा तोंडावर आपटला नसता.

प्रदर्शनातून हाती आलेली माहितीही उपयोगी होती. किमतीबद्दल, बॅटरी काढण्याबद्दल, कडेवर बोलण्याबद्दल टीका तेव्हापासूनच सुरू झाली होती. विक्रीला पाच महिने बाकी होते. साच्यात बदल करायला हा वेळ अपुरा असेल, पण किंमत आणि विक्रीची रचना बदलायला पुरेसा होता. दोन्ही जशीच्या तशी राहिली.

गेमच्या निवडीकडे पाहिलं की काउंटरचा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. सुरुवातीच्या यादीत टूम्ब रेडर होता, टोनी हॉक्स प्रो स्केटर होता, पँडेमोनियम होता. नावं मोठी, पण हे गेम १९९६ ते १९९९ या काळात घरच्या यंत्रांवर येऊन गेलेले. खिशातल्या यंत्रावर त्रिमितीय टूम्ब रेडर चालतो हे तंत्राच्या दृष्टीने कौतुकास्पदच होतं, आणि ज्यांनी तो बसवला त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण दुकानात येणाऱ्या मुलाने तो आधीच खेळून संपवला होता. सॉनिक एन तर त्याहून अडचणीचा: तो मुळात गेम बॉय ॲडव्हान्ससाठीच बनलेल्या गेमची आवृत्ती. म्हणजे एकाच दुकानात, एकच गेम, शंभर डॉलरच्या यंत्रावर आडव्या पडद्यात आणि तीनशेच्या यंत्रावर उभ्या पडद्यात. विक्रेत्याने काय सांगून महागडा घ्यायला लावायचा? वर गेमची कार्डं साधारण ३० ते ४० डॉलरची, म्हणजे तिथेही काही स्वस्ताई नव्हती.

पहिले आठवडे

आकडे लवकर आले आणि ते वाईट होते. ब्रिटनमध्ये गेमच्या दुकानांतली विक्री मोजणाऱ्या संस्थेने पहिल्या आठवड्यात सुमारे ५०० नग विकले गेल्याचं सांगितलं. अमेरिकेत एका बाजार-अभ्यासक संस्थेचा पहिल्या दोन आठवड्यांचा अंदाज ५,००० पेक्षा कमी होता. नोकियाकडून सांगितला गेलेला आकडा वेगळा: जगभरात दोन आठवड्यांत ४ लाख.

या दोन आकड्यांत कोणी खोटं बोलत होतं असं मानायची गरज नाही. नोकियाचा आकडा होता दुकानांकडे पाठवलेल्या मालाचा, आणि दुकानांचा आकडा होता गिऱ्हाइकाने पैसे देऊन घरी नेलेल्या मालाचा. गेमच्या दुकानांच्या मोजणीत मोबाइलच्या दुकानांतली विक्री नीट धरली जात नाही हेही खरं. तरी मधली दरी एवढी मोठी होती की ती अशा खुलाशांनी भरून निघण्यासारखी नव्हती.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण नव्या मालाच्या विक्रीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हा सापळा ओळखीचा असेल. फोनच्या धंद्यात पाठवलेला माल हा विक्रीचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज असतो, विशेषतः नोकियासारख्या कंपनीसाठी. मागणी पक्की, फोन आज ना उद्या खपतोच. पण नव्या प्रकारच्या वस्तूला, नव्या दुकानांत, हा हिशेब लागू पडत नाही. दुकानदार मोठ्या नावाच्या भरवशावर पहिला माल उचलतो. तो गोदामात पडून राहिला की दुसरी ऑर्डर येत नाही, आणि पहिल्या महिन्यात कंपनीच्या तक्त्यात सगळं आलबेल दिसत राहतं. काउंटरवर रोज किती नग खपतात हा आकडा पहिल्या दिवसापासून हातात हवा होता, आणि जाहीर बोलायचं तर त्याच्याच आधारे बोलायला हवं होतं. ४ लाखांचा आकडा सांगितल्याने बातमी फिरली ती ‘कंपनी वस्तुस्थिती मान्य करत नाही’ अशी. आधी फक्त यंत्र संशयाखाली होतं, आता कंपनीचा शब्दही आला.

मग सतराव्या दिवसाच्या सुमारास ती १०० डॉलरची सूट. दुकानाच्या बाजूने पाहिलं तर निर्णय बरोबरच होता. नाताळच्या तोंडावर फळीची प्रत्येक इंच मोलाची असते आणि न हलणारा माल तिथे ठेवणं परवडत नाही. पण ज्या थोड्या लोकांनी पहिल्या आठवड्यात पूर्ण २९९ मोजले, त्यांच्या मनात कंपनीच्या नव्या धंद्याच्या पहिल्याच पानावर अन्यायाची नोंद झाली. हेच लोक सर्वांत उत्साही, हेच मित्रांना सांगणारे.

वर आणखी एक घाव बसला. वर्ष संपायच्या आत गेमची नक्कल रोखणारं संरक्षण फोडलं गेलं आणि तेच गेम सीरीज ६० वर चालणाऱ्या इतर फोनांवरही चालू लागले. प्रणाली एकच असल्याने हे होणारच होतं. दुकानदाराला ज्या कार्डांवर नफा कमवायचा होता, ती कार्डं विकत घ्यायचं कारणच काहींसाठी संपलं.

दुरुस्ती

कंपनीचं कौतुक एका गोष्टीसाठी करायला हवं: ती अडून बसली नाही. एप्रिल २००४ मध्ये, म्हणजे विक्री सुरू होऊन जेमतेम सहा महिन्यांत, एन-गेज क्यूडी जाहीर झाला. कार्डाची खाच खालच्या कडेला, बाहेरून. बॅटरी काढायची गरज नाही. बोलायचा भाग समोर, नेहमीच्या फोनसारखा. आकार लहान, पकड बरी. आणि तो करारासोबत सुमारे ९९ डॉलरला मिळू शकेल अशी मांडणी, म्हणजे शेवटी ऑपरेटरचाच काउंटर.

पण किंमत खाली आणताना एमपी३ आणि एफएम रेडिओ गेले, यूएसबीची जोडणी गेली, तीन बँडऐवजी दोनच उरले आणि त्यामुळे वेगवेगळ्या खंडांसाठी वेगवेगळी आवृत्ती करावी लागली. गंमत म्हणून आलेल्या गोष्टी काढल्या असं म्हणता येईल, पण याच गोष्टी गेम बॉयकडे नव्हत्या. एन-गेज घ्यायचं जे सांगण्याजोगं कारण होतं तेच पातळ झालं. तक्रारींची यादी समोर ठेवून एकेक खूण करत गेल्यावर असं होतं: जे लोक वैतागून निघून गेले त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, आणि ज्यांनी तरीही घेतला त्यांनी तो कशासाठी घेतला, हे विचारायचं राहून जातं.

खास एन-गेजसाठी घडवलेले चांगले गेम नंतर आले. २००४ मध्ये आलेला पाथवे टू ग्लोरी ब्लूटूथ आणि नेटवर्कवरून खेळण्याचा विचार करूनच बांधलेला होता, पॉकेट किंग्डम जगभरातल्या खेळाडूंना एकाच खेळात आणत होता. हे गेम पहिल्या दिवशी असते तर विक्रेत्याकडे सांगायला एक वाक्य असतं: हे शेजारच्या यंत्रावर होत नाही. ते वाक्य वर्षभर उशिरा मिळालं आणि तोवर फळीवरची जागा गेली होती.

परिणाम

२००४च्या सुरुवातीला कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी विक्री अपेक्षेच्या खालच्या टोकाला असल्याचं मान्य केलं आणि निकाल लावायला नोव्हेंबर २००५ पर्यंत वेळ द्यावा असं सुचवलं. त्याच वर्षी शरद ऋतूत १० लाख नग पाठवल्याचं जाहीर झालं, पुन्हा पाठवल्याचंच. नोव्हेंबर २००५ उजाडला तेव्हा नोकियाने नवी एन-गेज यंत्रं काढणार नसल्याचं सांगितलं. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कुटुंबाची विक्री पुढे ८ कोटींच्या वर गेली.

नाव मात्र मेलं नाही. एप्रिल २००८ मध्ये एन-गेज पुन्हा आलं ते सेवा म्हणून: नोकियाच्या निवडक स्मार्टफोनवर गेम डाउनलोड करायचे, आधी फुकट चाखून पाहायचे, आवडले तर विकत घ्यायचे. वेगळं यंत्र नाही, कार्ड नाही, काउंटरच नाही. कल्पना योग्य ठिकाणी येऊन पोचली होती. तीन महिन्यांत, जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं आणि गेम बनवणाऱ्यांची पावलं तिकडे वळली. ऑक्टोबर २००९ मध्ये एन-गेज सेवा बंद करणार असल्याची घोषणा झाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय होता काउंटरवरची तालीम. विक्रीच्या दोन-तीन महिने आधी गेमच्या दुकानातल्या दहा-बारा विक्रेत्यांना यंत्र द्यायचं आणि सांगायचं, एका अनोळखी गिऱ्हाइकाला दोन गेम दाखवा आणि एक फोन लावून दाखवा. एकाच दुपारी बॅटरीचा, कडेचा आणि ‘माझ्या कनेक्शनवर चालेल का’ या प्रश्नाचा निकाल लागला असता. प्रयोगशाळेतली चाचणी हे सांगत नाही, कारण तिथे मागे रांग नसते आणि शेजारी शंभर डॉलरची फळी नसते. साचा बदलायला उशीर झाला असता तरी दुकानांना प्रत्येक गेमसाठी वेगळं दाखवायचं यंत्र देता आलं असतं. म्हणजे निदान काउंटरवर बॅटरी काढावी लागली नसती.

किमतीच्या बाबतीत मी संच सुचवला असता. २९९ हा आकडा नुसत्या यंत्रावर न लावता तीन गेम, हेडसेट आणि काही महिन्यांची अरेनाची सेवा यांच्यावर लावायचा. आकडा तोच राहतो, पण तुलना एसपीशी सरळ होत नाही, आणि गेमच्या दुकानदाराला त्याच्या ओळखीची वस्तू मिळते. कोणी म्हणेल, याने तीनशे डॉलर मोजायला तयार नसलेलं पोर तयार कसं होणार? होणार नाही, मान्य. पण हा फोन पोरांसाठी नव्हताच. स्वतःचं मोबाइल बिल भरणारा, विशी-पंचविशीतला, एकेकाळी खूप खेळलेला आणि आता दोन यंत्रं बाळगायला कंटाळलेला माणूस हा त्याचा खरा गिऱ्हाईक. तो गेमच्या दुकानात कमी आणि मोबाइलच्या दुकानात जास्त जात होता.

पहिल्या वाटेला, म्हणजे ऑपरेटरकडे जायचं, तर गेमच्या पैशात त्यांना वाटा द्यावा लागला असता. दुकानात विकलेल्या प्रत्येक कार्डामागे थोडा हिस्सा, किंवा अरेनावरून होणाऱ्या डेटाच्या वापराचं आमिष. नोकियाची तेव्हाची ताकद पाहता अशी बोलणी तिला जमली असती असं मला वाटतं, निदान युरोपात, जिथे सगळं जाळं जीएसएमचंच होतं. अमेरिकेत सीडीएमएची भिंत होती. म्हणून जगभर एकाच दिवशी उतरण्याऐवजी आधी युरोपातल्या तीन-चार देशांत, एकेका ऑपरेटरबरोबर उतरणं जास्त शहाणपणाचं ठरलं असतं. छोट्या बाजारात ५०० चा आकडा आला असता तर तो दुरुस्तीचा आकडा ठरला असता. जगभरच्या गाजावाजानंतर तोच नामुष्कीचा झाला.

थांबण्याच्या वाटेबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे झुकतं. क्यूडी सहा महिन्यांत तयार झाला, म्हणजे दुरुस्त्या आवाक्याबाहेरच्या नव्हत्या. मे २००३ ची टीका गंभीरपणे घेऊन उतरण्याची तारीख २००४च्या वसंतात ढकलली असती, तर एमपी३ आणि रेडिओ न गमावता बाहेरची खाच देता आली असती आणि पाथवे टू ग्लोरीसारखे गेमही जवळ आले असते. निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी दोन्ही २००४च्या अखेरीस आले. म्हणजे थांबूनही नोकियाला मोकळं मैदान सहा-सात महिने मिळालं असतं. २००३ मध्ये उतरल्यामुळे ते चौदा महिने मिळाले, आणि त्यांतले पहिले सहा मागच्या झाकणाखालची खाच बाहेर काढण्यात गेले.